मूळ चित्राशेजारी ठेवून : आमची वाटचाल

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचा स्टुडिओ सुरू झाला तो लग्नकार्याच्या आणि पासपोर्टच्या फोटोंसाठी. चित्रांचे छायाचित्रण हे वेगळे शिकावे लागणारे काम आहे, याची तेव्हा आम्हाला कल्पनाही नव्हती. मात्र आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात चित्रकारांची कधीच वाण पडली नाही, त्यामुळे प्रदर्शनाची पुस्तिका छापायची म्हणून कोणी ना कोणी कॅनव्हास काखेत धरून आमच्या दारात येतच असे.

अशाच एका ज्येष्ठ चित्रकारांनी रंकाळ्याची बारा तैलचित्रे विश्वासाने आमच्याकडे सोपवली. आम्ही ती लग्नाच्या सवयीनेच टिपली : फ्लॅश छताकडे वळवला, खोलीतील ट्यूबलाइट चालूच ठेवली आणि संगणकावर रंग अंदाजाने खुलवले. पुस्तिका छापून आली तेव्हा तळ्याचे कोबाल्ट निळे पाणी जांभळट झाले होते आणि गडद भागांवर व्हार्निशची पांढरी चकाकी पसरली होती. सर रागावले नाहीत. त्यांनी एक पान उघडून मूळ चित्राशेजारी धरले आणि बराच वेळ ते दोन्हींकडे पाहत राहिले. पुस्तिका आम्ही स्वखर्चाने पुन्हा छापून दिली आणि तेव्हापासून छपाईचा नमुना शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज मूळ चित्र स्टुडिओबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा नियम आजवर मोडलेला नाही.

चकाकीवर उपाय सापडायला वर्ष गेले. आता खोलीत पूर्ण अंधार करून चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर एकसारखे दिवे लावतो, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा पडदा) ताणून बसवतो आणि लेन्सवरचा तशाच प्रकारचा फिल्टर, म्हणजे पोलरायझर, फिरवत जातो. चित्राच्या कडेला स्टीलचा एक चमचा टांगलेला असतो. त्यावरचा प्रकाशाचा ठिपका विझला की चित्रावरची चकाकीही गेली, असे समजायचे. परंतु ज्या कारणाने चमचा विझतो, त्याच कारणाने तंजावर शैलीच्या चित्रातील सोन्याचा वर्खही मलूल पडतो, म्हणून तिथे फिल्म उतरवूनच काम करावे लागते. चाकूने जाड रंग थापलेल्या चित्रांना एका बाजूचा दिवा थोडा तेज ठेवतो, अन्यथा रंगाचे उंचवटे सपाट दिसतात.

कॅमेरा चित्राला समांतर आहे की नाही, हे पाहण्यासाठी चित्र ठेवण्याआधी त्याच्या जागी मध्यभागी एक छोटा आरसा सपाट लावतो. लेन्सला आरशात स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसेपर्यंत ट्रायपॉड हलवायचा. या दोन मिनिटांमुळे चौकटीच्या कडा तिरक्या येत नाहीत.

रंगांचा प्रश्न अधिक अवघड होता. रंग ताडून पाहण्यासाठीची २४ रंगांची पट्टी आणि करडे कार्ड प्रत्येक चित्राबरोबर टिपूनही कोबाल्ट निळा जांभळाच येत राहिला. हा रंग वर्णपटाच्या टोकाचा तांबडा प्रकाशही परावर्तित करतो, जो आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो पण कॅमेऱ्याला दिसतो. त्यामुळे तो निळा पट्टीच्या भरवशावर सोडता येत नाही, मूळ चित्र समोर ठेवून तेवढाच भाग हाताने दुरुस्त करावा लागतो.

मोठ्या छपाईची मागणी आली की आम्ही हिशेब आधीच सांगतो. २४ मेगापिक्सेलच्या एका छायाचित्रातून ३०० डीपीआयला (दर इंचात ३०० ठिपके) २० बाय १३ इंचांची प्रत मिळते, त्याहून मोठ्या प्रतीसाठी चित्र तुकड्यातुकड्यांनी टिपून जोडावे लागते.

दुसऱ्या वेळी छापलेली पुस्तिका सरांनी तशीच शेजारी धरून पाहिली. पाणी निळे होते. रंकाळ्यातील संध्यामठावरच्या आभाळाचा नारिंगी मात्र त्यांना फिका वाटला, आणि तो होताच. छपाईच्या चार शाईंत तितका तेजस्वी नारिंगी उतरत नाही. आता नमुना दाखवण्यापूर्वीच प्रत्येक चित्रकाराला आम्ही असे रंग बोट ठेवून दाखवतो.