चिंगीच्या दाढा, नोंद सातवी : एकोणिसाव्या दिवशीची घसरण

तिसऱ्या ट्रिमिंगनंतर, म्हणजे सतत वाढणाऱ्या दाढा भूल देऊन घासून कमी केल्यावर, माझ्या गिनीपिगचे, चिंगीचे वजन ८६८ ग्रॅमवरून ९१५ पर्यंत चढले होते आणि मागच्या नोंदीत मी दर पाच आठवड्यांचे वेळापत्रक फार आत्मविश्वासाने मांडले होते. ते एकोणिसाव्या दिवशीच कोलमडले. सकाळी काट्यावर ८८१ आले, लेंड्या बारीक आणि टोकदार झाल्या होत्या, आणि कोथिंबिरीकडे धावत आलेली चिंगी काडी उचलून, तोंडात फिरवून खाली टाकत होती. भूक शाबूत आणि चावणे बंद, हा नमुना आता आपल्याला पाठ झाला आहे.

डॉक्टरांकडे ट्रिमिंगसाठी दुसऱ्या दिवसाची वेळ मिळाली. फोनवर मात्र ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असे सांगण्यात आले, जे कुत्र्यामांजरांसाठी योग्य असले तरी गिनीपिगचे आतडे रिकामे राहिले की थांबते. डॉक्टरांशी थेट बोलल्यावर ती सूचना मागे घेतली गेली. या वेळी भूल दिलेली असतानाच कवटीचा एक्स-रे काढण्याचा मी आग्रह धरला आणि तो पहिल्याच वेळी का धरला नाही याची रुखरुख अजून आहे. खालच्या दाढा आत झुकून जिभेवर कमान धरत होत्या हे अपेक्षितच होते. पण डाव्या बाजूच्या दाढांची मुळे जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत लांबलेली दिसली. हनुवटीखाली बोटाला लागणाऱ्या ज्या उंचवट्यांना मी दोन महिने हाडाची ठेवण समजत होते, ती ही मुळे होती. वरून कितीही घासले तरी मूळ मागे सरकत नाही, त्यामुळे ट्रिमिंग आता जन्माचे आहे.

या चौथ्या ट्रिमिंगनंतर मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक आणि दिवसाला पाच वेळा बारा मिलिलिटर क्रिटिकल केअर (पाण्यात कालवून सिरिंजने भरवायचे खाद्य) असा क्रम चार दिवस चालला. (पाच मिलिलिटरच्या सिरिंजचे तोंड कापण्याचा उद्योग करू नये, एक मिलिलिटरच्या सिरिंजने वेळ लागतो, पण ठसका लागत नाही.)

गवताचा प्रश्न वेगळाच चिघळला होता. परदेशी टिमोथी गवताचे शेवटचे पाकीट उघडताच बुरशीचा वास आला, आणि पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने पुण्याच्या पावसाळ्याकडे बोट दाखवले. गोठ्यांवर सहज मिळणारा लसूणघास चिंगीला प्रिय आहे, परंतु त्यातले कॅल्शियम मूत्राशयात खड्यांना आमंत्रण देते आणि दाढांची झीजही त्याने पुरेशी होत नाही. शेवटी हडपसरकडच्या एका गोठ्यातून मारवेल गवताच्या दोन पेंढ्या आणल्या आणि ऊन नसल्याने पंख्याखाली वाळवल्या. चौथ्या रात्री दोन वाजता पिंजऱ्यातून करकर ऐकू आली, तेव्हा मी दिवा न लावता अंथरुणातच ऐकत राहिले.

खरा शोध मात्र फोनमधल्या जुन्या चित्रफितींत लागला. क जीवनसत्त्वासाठी मी तिला रोज सिमला मिरचीची साधारण पाच सेंटिमीटरची फोड देते आणि हौसेने चित्रण करते. तिसऱ्या ट्रिमिंगनंतर आठव्या दिवशी ती फोड ३५ सेकंदांत संपली होती, बाराव्या दिवशी ५० आणि सोळाव्या दिवशी ८० सेकंद लागले. त्या सोळाव्या दिवशी वजन ९१२ होते आणि मी निर्धास्त होते. वजन बोलण्याच्या तीन दिवस आधी दाढा बोलत होत्या.

म्हणून ही नोंद लिहायला घेतली तेव्हा तीन आठवड्यांची पक्की तारीख जाहीर करणार होते, ती आता करत नाही. फोडीला साठ सेकंदांहून अधिक वेळ लागल्याचे सलग दोन दिवस दिसले की वेळ घ्यायची. लिहिता लिहिता आणखी एक सुचले: मिरची मऊ असते, ती कशीही चिरडता येते, तर मारवेलची काडी दाढा आडव्या घासल्याशिवाय बारीक होत नाही, तेव्हा कसोटी काडीचीच हवी. मध्येच उठून दहा सेंटिमीटरची काडी कापून दिली. आज चौथ्या ट्रिमिंगनंतरचा नववा दिवस, वजन ८९७. काडीला ५२ सेकंद लागले आणि शेवटचे दोन सेंटिमीटर तिने तसेच टाकले.