सरळ पैसेच का देत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

निधी जमवायच्या आमच्या सायकल राइडची नोंदणी सुरू झाली की स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, "टीचर, एवढं ऊन अंगावर घेण्यापेक्षा सरळ पैसे देऊन मोकळ्या का होत नाही?" मग तेच फोंड्याच्या बाजारात, तेच लग्नाच्या पंगतीत, तेच जाऊबाईंकडे चवथीला. विचारणारे वाईट नसतात. बहुतेकांनी आधी पैसे दिलेले असतात, आणि पैसे देणाऱ्याला विचारायचा हक्क आहे असं मीच म्हणत आले आहे. पण तोंडी उत्तर देताना माझा आवाज चढतो, समोरचा "बरं बरं" म्हणतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारतो. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जानेवारीतल्या एका रविवारी पत्रादेवीहून निघून पोळेपर्यंत, म्हणजे गोव्याच्या या हद्दीपासून त्या हद्दीपर्यंत, एका दिवसात सायकल चालवायची. नकाशावर गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर आहे, पण रस्ता नकाशासारखा सरळ जात नाही. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या माणसांकडून किलोमीटरमागे काही रुपये कबूल करून घ्यायचे. जमलेला पैसा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या निधीला जातो.

पहिलं उत्तर: दिलेत की सरळ पैसे. कित्येक वर्षं दिले. दर मार्चमध्ये, आयकरात सूट देणारी ८०जीची पावती मिळते म्हणून, एक चेक लिहायचे आणि पुढचा मार्च उजाडेपर्यंत विसरून जायचे. तो चेक कुठे गेला, कुणाच्या कामी आला, मी कधी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. त्या काळात आमच्या शाळेतले एक सर असल्याच एका राइडसाठी पैसे मागत फिरायचे. त्यांना तेव्हा मी काय म्हटलं होतं ठाऊक आहे? हेच. "सर, दान करायचं तर गुपचूप करावं, हा तमाशा कशाला?" ती चेक लिहिणारी बाई आजही माझ्या डोक्यात बसलेली आहे आणि तिचं सगळंच चुकत होतं असं मला अजूनही वाटत नाही. फक्त तिचा चेक लहान होता. मी सायकल घेऊन दारोदार हात पसरायला लागल्यापासून जे जमतं ते त्या चेकच्या कितीतरी पट असतं, आणि त्यातलं माझं स्वतःचं फार थोडं असतं.

दुसरं उत्तर मी वाचून वाचून तयार केलेलं आहे. लंडन ते ब्रायटन ही ५४ मैलांची राइड १९७६ पासून चालू आहे, आणि हजारो माणसं त्यातून हृदयरोगासाठी पैसे जमवत आली आहेत. अमेरिकेत बिली स्टार नावाच्या माणसाची आई कॅन्सरने गेली. त्याने १९८० साली ३६ जणांना घेऊन स्प्रिंगफील्डहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकल चालवली आणि बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर संस्थेसाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जमवले. तीच राइड आता वर्षाला कोट्यवधी डॉलर आणते. आणि २०१३ साली ऑलिव्होला आणि शाफीर या दोन संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की मदतीसाठी थोडा त्रास सोसायचा असेल तर माणसं उलट जास्त पैसे द्यायला तयार होतात. मी सोफ्यावर बसून मागितलं तर शंभर मिळतील, घाट चढून मागितलं तर पाचशे.

हे मी एकदा स्टाफरूममध्ये ऐकवलं आणि वर जोडलं, की पंढरपूरला चालत जाणाऱ्याला कुणी विचारतं का, घरूनच नमस्कार का नाही केलास म्हणून? डिसेंबरात जुन्या गोव्याला सेंट झेवियरच्या फेस्ताला रात्रभर चालत जाणाऱ्यांना विचारतं का? आमचे पीटीचे सर चहा पीत होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "पण टीचर, वारकरी किलोमीटरमागे पैसे मागत नाहीत." सगळे हसले. मीही हसले. याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आता खरं सांगते. मला सायकल आवडते. निधी नसता तरी मी चालवली असती. पहाटे मांडवीवर धुकं असतं. अटल सेतूवर दुचाकींना बंदी, म्हणून आम्ही जुन्या पुलावरून जातो, आणि तेव्हा खाली बार्जचा दिवा तेवढा दिसतो. झुआरीच्या नव्या पुलाचा चढ दम काढतो आणि वर पोचल्यावर वारा छातीवर बसतो. हे सगळं मी काही रुग्णांसाठी करत नाही. घरी मुलं आणि सासूबाई असताना अख्खा रविवार स्वतःसाठी काढायचा तर माझ्या वयाच्या बाईला कारण लागतं, आणि "गरिबांसाठी" या कारणापुढे कुणाचं काही चालत नाही. सासूबाईंचंसुद्धा. ही सोय मी वापरते. वापरली म्हणून रुग्णाचे पैसे कमी होत नाहीत, असं स्वतःला सांगते.

पण माझी ही सगळी उत्तरं एका माणसापुढे चालली नाहीत, आणि खरं म्हणजे त्याच्यामुळेच हे लिहायला बसले आहे.

करमल घाट सुरू व्हायच्या आधी, बाळ्ळीच्या पुढे, फणसाच्या झाडाखाली आमचा पाण्याचा टेबल असतो. तिथे पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. जर्सीवर मिठाचे पांढरे डाग पडले होते आणि डावी पोटरी मधूनमधून उडत होती. टेबलावर स्टीलच्या ताटात सालासकट अर्धी केलेली केळी, संत्र्याच्या फोडी, गुळाची चिक्की आणि एका वाटीत मीठ. बाजूला एक पोरगा कोयत्याने शहाळी सोलत होता. टेबलामागे चाळिशीतला एक माणूस, राइडचाच टी-शर्ट घातलेला, पण आतून पूर्ण बाह्यांचा शर्ट. तो सगळं उजव्या हाताने करत होता. पाण्याचा मोठा कॅन उचलायची वेळ आली की पोराला हाक मारायचा. मला वाटलं, खांदा दुखावला असेल.

मला शहाळं देताना त्याची डावी बाही वर सरकली. कोपराच्या खाली शीर दोरखंडासारखी फुगलेली आणि तिच्यावर पट्टीचे दोन लहान चौकोन. रविवार होता, म्हणजे सुया शनिवारच्या. तो फिस्टुलाचा हात होता, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेने शीर धमनीला जोडलेला. त्या हाताने वजन उचलायचं नसतं, त्या हाताचा रक्तदाबही घेऊ देत नाहीत. ज्यांच्या नावाने मी वर्षानुवर्षं पैसे गोळा करत होते त्यांतला एक माणूस मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होते.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्हीपण घ्या ना एक."

"माका चलना," तो हसून म्हणाला. मग शाळेत हजेरी घ्यावी तसं ताटाकडे बोट दाखवत गेला. केळं नाही, संत्रं नाही, शहाळं तर अजिबात नाही, त्यांत पोटॅशियम. चिक्की नाही, गूळ आणि शेंगदाणे. मीठ नाही, तहान लागते. "या टेबलावरचं मला फक्त स्ट्रॉ चालतं."

पाणीसुद्धा मोजून. दिवसाला पाऊण लिटर, त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचा घोटही आला. हे तो सांगत होता तेव्हा मी सवयीने बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर ओतत होते. पाणी मानेवरून डांबरावर पडत होतं. तो त्याबद्दल काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. मी बाटली बंद केली.

तो काणकोणच्या आतल्या गावातला. आठवड्यातून तीनदा मडगावला जायचं, चार-चार तास मशीनला बसायचं. डायलिसिस सरकारी योजनेतून होतं, त्याचे पैसे पडत नाहीत. पैसे पडतात जाण्यायेण्याचे, इंजेक्शनांचे आणि बुडालेल्या रोजाचे. निधी मिळायच्या आधी तो कदंब बसने, मध्ये बस बदलून यायचा. मशीन अंगातलं पाणी भरभर ओढून घेतं, त्यामुळे परतीच्या वाटेवर पोटऱ्यांत गोळे यायचे आणि भरलेल्या बसमध्ये पाय पसरायला जागा नसायची. आता निधीच्या पैशांतून गाडी मिळते. "तुम्हाला घाटात जो गोळा येतो ना मॅडम, तो मला गाडीत येतो. पण निदान पाय लांब करून येतो."

मी म्हटलं, मग राइडचा उपयोग होतोय म्हणायचा. जरा ऐटीतच म्हटलं असेन.

"होतोय तर. एक विचारू? राग येणार नाही ना? ही राइड करायला खर्च किती येतो?"

मी नोंदणीची फी सांगितली.

"तसं नव्हे. हे सगळं. टी-शर्ट, पदकं, बॅनर, या गाड्या, अँब्युलन्स."

ते स्पॉन्सर देतात, मी म्हटलं. निधीतला पैसा त्याला लागत नाही.

"म्हणजे स्पॉन्सरकडे पैसे आहेत," तो म्हणाला. "मग ते त्यांनी सरळच का नाही दिले?"

लंडन, स्प्रिंगफील्ड, ते संशोधक, सगळे माझ्या तोंडापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मी म्हटलं, "पदक नसतं तर एवढी माणसं आली नसती." ते खरंही आहे. पण अर्धं केळं हातात घेऊन, ज्याला केळं खाता येत नाही त्याला ते सांगताना कसं वाटतं ते मी तुम्हाला समजावू शकत नाही.

"तसंच असेल," तो म्हणाला. "मी फक्त विचारलं. चला तुम्ही, कट-ऑफ चुकेल."

घाट मी त्याच्याशी भांडत चढले. कुणाशी बोलत नव्हते, तोंडातल्या तोंडात चाललं होतं. तुला गाडी कुणामुळे मिळाली? आम्ही रविवार मोडून आलो म्हणून. आणि वर मलाच विचारतोस? मागून ट्रक चिकटत होते, वळणावर माकडं कठड्यावर बसलेली, आणि मी सगळ्यात हलक्या गिअरवर एका भल्या माणसावर चडफडत होते. पोटरीतला गोळा कधी गेला कळलंही नाही. पोळेला गळ्यात पदक पडलं, जड, माड आणि सायकल कोरलेलं. ते मी लगेच काढून खिशात टाकलं. फोटोसाठी पुन्हा घातलं. तेही सांगून टाकलेलं बरं.

पुढे मी आयोजकांच्या बैठकीला जायला लागले आणि त्याचाच प्रश्न तिथे विचारला. उत्तर मिळालं, आणि पटेल असं मिळालं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येत नाही, हे २०२१ च्या नियमांत स्पष्टच केलं आहे. म्हणजे टी-शर्टवरच्या नावाचा पैसा जाहिरातीच्या कप्प्यातला. टी-शर्ट नसेल तर तो रुग्णाकडे वळत नाही, रस्त्याकडेच्या होर्डिंगकडे वळतो. व्यवहार म्हणून मला हे समजलं. त्या माणसापुढे उभं राहून मी हे म्हणू शकेन का? नाही बाई.

मग एका वर्षी माझ्याच हट्टाने पदक बंद झालं. पदकाचे पैसे देणाऱ्याने ते निधीला द्यावेत अशी विनंती केली, ती त्याने मान्यही केली. त्या वर्षी माणसं कमी आली आणि निधीही घसरला. पदकाचे वळवलेले पैसे धरूनसुद्धा. त्याच आठवड्यात दुसरीकडे मॅरेथॉन होती, म्हणून कमी आले, असं मी बैठकीत ठासून सांगितलं. कुणी मानलं नाही. रात्री घरी आल्यावर मीही फारसं मानलं नाही.

तेव्हा "सरळ पैसे का देत नाही" याला माझं उत्तर हेच, की सरळ दिले तर कमी जमतात, आणि असं का व्हावं याची मलाही तुमच्याइतकीच चीड येते. तुम्ही दोनशे रुपये देता ते माझ्या पोटरीकडे बघून देता, त्या माणसाच्या हाताकडे बघून देत नाही. त्याचा हात तुम्ही पाहिलेला नाही हेही खरं. त्याला टेबलामागून काढून स्टेजवर उभा करावा आणि बाही वर करायला लावावी, असं एकदा बैठकीत सुचवलं गेलं होतं. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यापेक्षा माझी पोटरी परवडली.

तो मला पुढच्याही वर्षी भेटला, त्याच फणसाखाली. हसला, शहाळं दिलं. विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

यंदाची नोंदणी सुरू झाली आहे, पदक परत आलं आहे. फॉर्म भरताना "पदक नको" असं लिहायला गेले तर तसा रकानाच नाही. समितीतल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, टीचर, पदकं गठ्ठ्याने बनतात, तुमचं एक कमी करून दोन रुपयेसुद्धा वाचत नाहीत, घेऊन टाका. घेणार आहे. आणि किलोमीटरचा दर यंदा वाढवते आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये वही घेऊन आले की पीटीच्या सरांपासूनच सुरुवात करीन.