नॅसमधील डिस्कच्या त्रुटी : दोष डिस्कचा की कप्प्याचा?

घरातील छायाचित्रे, कागदपत्रे आणि संगणकांचे बॅकअप ज्या दोन कप्प्यांच्या नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, डिस्क बसवायच्या साठवण यंत्रावर) मी साठवतो, त्यात ‘रेड १’ ही रचना आहे, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच मजकूर जसाच्या तसा लिहिला जातो. या यंत्राने दुसऱ्या कप्प्यातील डिस्क सदोष ठरवून रचनेबाहेर काढली आणि ‘व्हॉल्यूम डीग्रेडेड’ (साठवण रचना अपुरी झाली) असा इशारा दिला. इशाऱ्याच्या खालीच ‘रिपेअर’ हे बटण होते. ते दाबल्यास पहिल्या डिस्कवरील मजकूर दुसरीवर नव्याने लिहिला गेला असता, म्हणजेच दुसरीवर जे काही शाबूत होते ते पुसले गेले असते; म्हणून पहिली डिस्क कितपत भरवशाची आहे हे समजेपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही, असे मी ठरवले.

सर्वप्रथम नॅसवर एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याच्या सोयीने) प्रवेश करून ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने दोन्ही डिस्कचे स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या, काढले. अशा अहवालाच्या माथ्यावर ‘पास्ड’ असा शेरा असतो, पण त्याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण डिस्क बरीच खराब झाल्यावरही तो तसाच राहू शकतो. पाहायचे ते खालच्या तक्त्यातील मोजके आकडे. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे छोटे तुकडे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि १९९ म्हणजे डिस्क व कंट्रोलर (डिस्कशी बोलणारी यंत्रातील चिप) यांच्यातील वाहतुकीत बिघडलेल्या माहितीची मोजणी. बाहेर काढलेल्या दुसऱ्या डिस्कचे ५ आणि १९७ हे दोन्ही आकडे शून्य होते. १९९ चा आकडा मात्र हजाराच्या पुढे गेलेला होता. याचा अर्थ तबकडी ठीक असून अडचण बहुधा जोडणीत होती.

हे पडताळण्यासाठी नॅस बंद करून ती डिस्क काढली आणि संगणकाला थेट साटा केबलने जोडली. यूएसबी डबीतून जोडणे सोपे पडले असते, पण काही डब्या स्मार्टची माहिती पुढे पाठवतच नाहीत. मग स्मार्टची दीर्घ चाचणी चालवली. तिच्यात डिस्कची संपूर्ण पृष्ठे वाचली जातात, त्यामुळे काही टेराबाइटच्या डिस्कला कित्येक तास लागतात. ही चाचणी एकही त्रुटी न दाखवता पूर्ण झाली. मात्र ती डिस्कच्या आतल्या आत चालते, केबलवरून माहिती जात नाही. म्हणून त्यानंतर डिस्कवरील सगळा मजकूर संगणकावर वाचूनही पाहिला. १९९ चा आकडा जागचा हलला नाही. मग एक जुनी, रिकामी डिस्क नॅसच्या दुसऱ्या कप्प्यात बसवून तिच्यावर मोठी फाइल लिहिली, तर तिचा १९९ शून्यावरून चढू लागला. यंत्र उघडल्यावर दिसले की डिस्क ज्या छोट्या पट्टीत खोचली जाते, ती मुख्य बोर्डाच्या खाचेत एका बाजूने किंचित वर आलेली होती. ती दाबून नीट बसवली, स्क्रू आवळला, आणि त्याच जुन्या डिस्कवर पुन्हा फाइल लिहिली तेव्हा आकडा स्थिर राहिला.

खरी काळजी मात्र पहिल्या डिस्कची होती. यंत्राच्या लेखी ती निरोगी होती, पण तिच्या १९७ समोर २४ हा आकडा होता. सेक्टर ५१२ बाइटचे मोजले जातात आणि हल्लीच्या बहुतेक डिस्कवर प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, त्यामुळे ही बहुधा तीनच ठिकाणे असावीत. पण दीर्घ चाचणी त्यांतल्या पहिल्याच ठिकाणी ‘रीड फेल्युअर’ म्हणून थांबली. रीबिल्ड करताना, म्हणजे एका डिस्कवरून दुसरी नव्याने भरताना, स्रोत डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते, त्यामुळे ‘रिपेअर’चे काम तिथेच अडण्याची किंवा ते दोष नव्या प्रतीत उतरण्याची दाट शक्यता होती.

तेव्हा रीबिल्डचा नाद सोडून फाइलींच्या पातळीवर काम केले. पहिल्या डिस्कवरचे सर्व काही ‘आरसिंक’ या फाइली नकलणाऱ्या आज्ञेने एका बाह्य डिस्कवर उतरवले. न वाचता येणाऱ्या जागी नकल बराच वेळ खोळंबत होती, कारण साधी डेस्कटॉप डिस्क अशा सेक्टरवर पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसते. नॅससाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत माघार घेतात आणि उरलेले काम रेडवर सोपवतात. शेवटी ज्या मोजक्या फाइली वाचता आल्या नाहीत, त्यांची यादी आरसिंकच्या नोंदींत मिळाली. दुसरी डिस्क संगणकावर केवळ वाचनासाठी माउंट करून (म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाणार नाही अशा रीतीने उघडून) त्या फाइली तिच्यावरून घेतल्या. त्या सगळ्या जुनी छायाचित्रे असल्यामुळे डिस्क बाहेर पडण्याच्या आधीपासून तिच्यावर होत्याच. यंत्राने सदोष म्हणून टाकून दिलेल्या डिस्कनेच इथे उणीव भरून काढली.

त्यानंतर पहिली डिस्क निवृत्त केली. एक नवी डिस्क आणि ही दुसरी डिस्क यांची नवी रेड १ रचना करून सर्व मजकूर परत चढवला, आणि बाह्य डिस्क वेगळ्या ठिकाणी बॅकअप म्हणून ठेवून दिली, कारण चुकून पुसलेली फाइल रेडमुळे परत मिळत नाही. आता दीर्घ चाचणी आणि संपूर्ण व्हॉल्यूमची पडताळणी दर महिन्याला आपोआप होते. ज्या फाइली वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, तिथले खराब सेक्टर एरवी लक्षातच येत नाहीत. दुसऱ्या डिस्कचा १९९ चा आकडा कधीच शून्यावर येत नसल्याने रचना उभारली त्या दिवशीचा आकडा टिपून ठेवला आहे, आणि महिन्याच्या अहवालात तो वाढलेला दिसला तर सर्वप्रथम कप्प्यातली ती पट्टीच तपासायची आहे.