निवांत कयाकिंग, पण पाण्याच्या टाइमटेबलने

आम्ही चौघं, दोन डबल कयाक, आणि ठरवलेलं एकच, घाई करायची नाही. लगून निवडलं कारण मधे वाळूचा पट्टा असल्यामुळे लाटा आत येत नाहीत, समुद्राकडे एक अरुंद तोंड तेवढं उघडं. भरती ११.१० ची होती म्हणून ९ ला उतरलो, म्हणजे जाताना चढतं पाणी आत नेणार आणि येताना ओहोटी आणून सोडणार, वल्ही आपली नावाला. (प्लॅन माझा, त्यामुळे पुढचं सगळं मलाच ऐकावं लागलं.)

डबल कयाकमध्ये सुरुवातीची दहा मिनिटं वल्ह्यावर वल्हं आपटण्यातच जातात. पुढच्याने लय धरायची, मागच्याने त्याच्याकडे बघून वल्हवायचं आणि वळवायचं कामही मागच्याचंच, हे डोक्यात शिरेपर्यंत आम्ही गोल गोल फिरत होतो. आणि नुसत्या हातांनी ओढू नका, कंबरेतून वळा, नाहीतर अर्ध्या तासात खांदे गेलेच.

११.१० होऊन गेले तरी पाणी आतच येत होतं. एकजण म्हणाला तुझी वेळच चुकली. तसं नव्हतं, ती वेळ बाहेरच्या किनाऱ्याची, तेवढ्याशा तोंडातून आत पाणी भरायला वेळ लागतो म्हणून लगूनमध्ये भरती उशिरा येते. पण मग आम्ही फारच निवांत झालो ना, दोन्ही कयाक एकमेकांना धरून, पाय वर टाकून गप्पा, त्या दोन वाजेपर्यंत!

आता हिशोब बघा. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. ढोबळमानाने बारा भाग धरले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं जातं, म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी गायब. त्यात पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाण, भरती जितकी वर तितकीच ओहोटी खाली. आम्ही निघालो ते नेमके त्या मधल्या तासांत, वर शॉर्टकट म्हणून उथळ भागातून, आणि खर्रर्र करून बसलो गाळावर.

मित्र ढकलायला खाली उतरला तो गुडघ्यापर्यंत आत. त्याला कयाकवर आडवं पडून पाय हळूहळू मोकळे करायला लावले, सँडल मात्र तिथेच राहिली. मग उतरायचं नाही असं ठरवून वल्ह्याने मागे रेटत रेटत निघालो आणि पाण्याखालचं गवत बघत राहिलो, ते जिकडे जोरात आडवं झालेलं तिकडे प्रवाह, तिकडेच खोल. वळणावरही बाहेरच्या बाजूने राहायचं, पाणी तिथलीच माती खरवडून नेतं.

प्रवाह सापडला तर समोरून वारा. दुपारी तो समुद्राकडून येतो आणि ओहोटी समुद्राकडे जाते, दोघांची टक्कर झाली की छोट्या पण उभ्या लाटा होतात आणि पुढे बसलेल्याची आंघोळ. पुढे कोण ते सांगायला नको.

परत आलो तर सकाळी जिथे पाण्यात उतरलो होतो तिथे पाणीच नाही, नुसता गाळ. पुन्हा पाणी चढेपर्यंत कयाकमध्येच बसून राहिलो, चौघं, तीन सँडली आणि चार बूट.