बेळगाव, कोन्नूर, कणकुंबी आणि मंगळवारचा फोन

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कर्नाटक लागतं, पण निपाणीत चहाला थांबलो तिथं सगळं मराठीच चाललेलं. पुढं बेळगावपर्यंत हायवे मस्त आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत टीव्हीवर स्टुडिओत बसून लोक लाहोर घ्या कराची घ्या ओरडत होते, तेव्हा ज्यांची पोरं खरंच बॉर्डरवर होती त्या घरांत काय चाललं होतं हे मला समोर बसून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी बेळगावसारखी जागा नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं आहे, पहिली पलटण थेट १७६८ ची. सांबऱ्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग सेंटर. कॅम्पात सकाळी फिरायला गेलं की मिसरूड न फुटलेली पोरं रांगेत पळताना दिसतात, आणि खरं सांगते, त्या चेहऱ्यांकडं बघितल्यावर युद्ध हवंच असं म्हणायला जीभ रेटत नाही.

खानापूरकडं मैत्रिणीच्या काकांकडं मुक्काम केला. काका मराठा पलटणीतले रिटायर्ड हवालदार. जेवण झाल्यावर त्यांनी जमालपूरची गोष्ट काढली, त्यांना ती पलटणीतल्या जुन्या लोकांनी सांगितलेली. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तान. पहिली मराठा पलटण जमालपूरला वेढा घालून होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती पाकिस्तानी कमांडरला चिठ्ठी धाडली, शरण या, उगाच माणसं मारू नका. उत्तर आलं ते बंदुकीची गोळी गुंडाळलेल्या कागदात, मजकूर असा की पुढच्या वेळी पेन नको, हातात स्टेनगन घेऊन भेटा! दुसऱ्या रात्री ती पाकिस्तानी फौज वेढा फोडून निसटायला निघाली आणि मराठ्यांच्याच माऱ्यात सापडली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं.

मी म्हटलं, काका मग त्या चिठ्ठीचा काय उपयोग झाला? तर म्हणाले, "पोरी, चिठ्ठी धाडायचीच असते. नाही ऐकलं तर गोळी हायच की."

काका २००३ मध्ये ताबारेषेवर पूंछकडं होते. त्या साली नोव्हेंबरात सीझफायर झाला आणि तोफा थांबल्या तेव्हा पहिल्या रात्री शांततेनंच झोप लागली नाही म्हणे. नंतर तोही मोडत गेला, २०२१ च्या फेब्रुवारीत दोन्ही डीजीएमओंनी पुन्हा मान्य केला. डीजीएमओ म्हणजे दोन्ही सैन्यांचे ऑपरेशन्स बघणारे मोठे अधिकारी, त्यांच्यात हॉटलाइन आहे आणि दर मंगळवारी तिच्यावर बोलणं होतं. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओचा फोन आला तो आपल्या डीजीएमओंनाच, आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं. काकू तेव्हा देवघरातून उठल्याच नव्हत्या, थोरला नातू फौजेत आहे ना.

दुसऱ्या दिवशी गोकाक. घटप्रभेला पाणी होतं, धबधबा झकास, झुलता पूलही बघा. पण मला शेजारच्या कोन्नूरला जायचं होतं, कर्नल सोफिया कुरेशींचं सासर. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांच्यासोबत त्या देशासमोर माहिती देत होत्या, शांत आवाजात, एकही शब्द चढा नाही. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या कोन्नूरच्या घरावर हल्ला झाला अशी पोस्ट सोशल मीडियावर फिरली, साफ खोटी, बेळगाव पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. तिकडं मिसाईल जेमतेम थांबलेली असताना इकडं आपल्याच माणसांत आग लावायचा धंदा, मला ह्याचा अजून संताप येतो.

परतताना कणकुंबी मार्गे चोर्ला घाट पकडला. कणकुंबीला म्हादई नदीचा कळसा नाला, ज्याच्यावरनं कर्नाटक आणि गोवा कधीपासून भांडतायत. २०१० मध्ये लवाद नेमला, २०१८ मध्ये त्यानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, तरी भांडण सुप्रीम कोर्टात आहेच. एका देशातली दोन राज्यं, तरी ही तऱ्हा.

भारत-पाकिस्तानातला सिंधूच्या पाणीवाटपाचा करार मात्र १९६० चा, ६५ आणि ७१ ची युद्धं झाली तरी तो टिकला. पहलगामला २६ माणसं मारली गेली आणि दुसऱ्याच दिवशी आपण तो स्थगित केला, अटारीची सीमा बंद केली, दोन्ही हायकमिशनमधली माणसं ५५ वरून ३० वर आणायची ठरली, मग पाकिस्तान सिमला करार स्थगित ठेवायची भाषा करू लागला. पहलगामला उत्तर द्यायलाच हवं होतं, ह्यात मला अजिबात शंका नाही. पण एकेक दार असं बंद होत असताना दोन दारं उघडी राहिली ती मला लाखमोलाची वाटतात, एक हॉटलाइन आणि दुसरी, ज्यांच्यावर हल्ला करायचा नाही अशा अणुकेंद्रांची यादी. ती यादी १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश एकमेकांना देतात, मधी कारगिल झालं पुलवामा झालं, तरी दिली. मंगळवारच्या फोनला कुणी कमीपणा म्हणत असेल तर त्यानं एकदा काकूंसमोर बसून म्हणून दाखवावं.