पुटामेनपर्यंत पोहोचताना : मेंदूच्या खोल भागाचा माझा अभ्यास

इंटर्नशिपच्या काळात सोलापूरच्या पूर्व भागातून आलेल्या एका आजींना मी वॉर्डात पाहिले होते. आयुष्यभर विड्या वळलेल्या त्या आजींचा उजवा हात दोन दिवसांपासून आपोआप, फेकल्यासारखा हलत होता; त्या डाव्या हाताने तो दाबून धरत, आणि घरची मंडळी काही बाहेरची बाधा असावी असे दबक्या आवाजात बोलत होती. रक्तातील साखर फार वाढली होती आणि एमआरआयमध्ये डाव्या बाजूचा पुटामेन, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेला करड्या पेशींचा एक पुंजका, उजळ दिसत होता. साखर आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत हात शांत झाला. पुढे शरीररचनाशास्त्रात एमडीला प्रवेश मिळाला, तेव्हा तो पुंजका आणि त्याला वेढणारे तंतूंचे थर प्रत्यक्ष उलगडून पाहायचे, हाच प्रबंधाचा विषय मी मागून घेतला.

प्रबंधाचा आराखडा, नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि विद्यापीठाकडील नोंदणी यांत पहिले काही महिने गेले. समितीने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : देहदान करणाऱ्यांच्या नातेवाइकांना मेंदूच्या स्वतंत्र अभ्यासाची कल्पना दिली आहे का? तो प्रश्न रास्त होता. मी संमतीपत्राची मराठी दोनदा बदलली, कारण पहिल्या मसुद्यातील वाक्ये डॉक्टरांना कळणारी होती, दुःखात असलेल्या घरातील माणसांना कळणारी नव्हती.

पद्धत निवडली ती योझेफ क्लिंगलर यांची. स्वित्झर्लंडमधील बाझलच्या या शरीररचनातज्ज्ञाने 1935 मध्ये ती प्रसिद्ध केली. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, मुरवलेला मेंदू गोठवला की तंतूंच्या मधल्या पाण्याचे बर्फ होते, बर्फ फुगते आणि एकमेकांना चिकटलेले तंतू हलकेच सुटे होतात; मग लाकडी पात्याने एकेक थर सोलत आत जाता येते. सुरीने काप घेतले तर पुंजके स्पष्ट दिसतात, पण तंतू मध्येच कापले जातात आणि ते कोठून निघून कोठे जातात हे कळत नाही. मला नेमके तेच हवे होते. आमच्या विभागातील मामांनी बांबू तासून तीन पाती करून दिली. त्यातले सर्वांत बोथट पातेच शेवटपर्यंत वापरात राहिले.

पहिला मेंदू माझ्या घाईमुळे वाया गेला, आणि त्याची खंत अजून आहे, कारण तो कोणीतरी विश्वासाने दिलेला होता. तीन आठवड्यांत बाहेरून तो घट्ट झाला म्हणून मी पुढचे काम सुरू केले. वरचे थर नीट निघाले, पण मध्याकडे पोहोचताच पाते रुतले. आतला भाग गुलाबी आणि लोण्यासारखा मऊ होता. फॉर्मॅलिन बाहेरून आत हळूहळू झिरपते, त्यामुळे मेंदूचा सर्वांत खोल भाग सर्वांत शेवटी टिकाऊ होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, मृत्यूनंतर गेलेला प्रत्येक तासही आधी या आतल्या भागालाच भोवतो. माझ्या मार्गदर्शक मॅडम रागावल्या नाहीत; त्यांनी मला फक्त तारीख लिहून ठेवायला सांगितली. त्यानंतरचा प्रत्येक मेंदू मी तळाच्या बॅसिलर धमनीला दोरा बांधून बादलीत तरंगता ठेवला, म्हणजे तो स्वतःच्या वजनाने चपटा होत नाही, आणि तीन महिने त्याला हात लावला नाही. वीज जाण्याच्या दिवसांत फ्रीझरचे तापमान सकाळ-संध्याकाळ मामाच वहीत टिपत असत.

दुसऱ्या मेंदूत मात्र थर जसे उलगडायला हवे होते तसे उलगडले. बाजूच्या खोल फटीच्या कडा दूर केल्यावर इन्सुला हा झाकलेला भाग उघडा पडतो. 1809 मध्ये जर्मन वैद्य योहान रायल यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला रायलचे बेट म्हणतात. त्याच्या वळ्या सोलल्या की पांढऱ्या तंतूंचा पातळ पडदा, त्याखाली क्लॉस्ट्रम नावाचा एकदोन मिलिमीटर जाडीचा करडा पापुद्रा, पुन्हा पांढरा पडदा, आणि मग पुटामेन. पात्याला तो प्रथम स्पर्शाने कळतो : तंतूंचा ओढा संपतो आणि दाणेदार, सैल असे काही लागते. त्याच्या तळाकडून शिरणाऱ्या केसांसारख्या धमन्यांचे माग तेथे दिसतात. उच्च रक्तदाबात मेंदूतला रक्तस्राव सर्वाधिक वेळा याच धमन्यांतून होतो, आणि मग शेजारून जाणारे हालचालींचे तंतू दबून अर्धांगवायू होतो. पुटामेन दूर केल्यावर फिकट, तंतूंनी भरलेला ग्लोबस पॅलिडस हा पुंजका आणि त्याच्याही आत इंटर्नल कॅप्सूलचा, म्हणजे हालचालींच्या त्या तंतूंच्या जुडग्याचा, पंखा दिसला. हा पंखा पूर्ण उघडायला मला अकरा दिवस लागले, कारण पृष्ठभाग वितळला की पात्याखाली तंतू तुटतात आणि मेंदू पुन्हा गोठवावा लागतो.

त्या पंख्याच्या आतल्या बाजूला सबथॅलॅमिक पुंजका असतो, भिंगाच्या आकाराचा, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा. ज्युल बर्नार लुईस यांनी 1865 मध्ये त्याचे वर्णन केले. तो बिघडला की विरुद्ध बाजूचा हात जोराने फेकला जातो. आणि त्यातच बारीक तार घालून विजेचे ठोके दिले तर पार्किन्सनच्या अनेक रुग्णांचा ताठरपणा कमी होतो, हे फ्रान्समधील ग्रनोबल येथील मेंदूशल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाखवले. तंतुविच्छेदनात, म्हणजे थर सोलण्याच्या या पद्धतीत, मला तो एकदाही अखंड मिळाला नाही. शेवटी एका मेंदूचे उभे काप घेऊन, सब्स्टान्शिया नायग्राच्या काळसर पट्ट्याच्या वर तो ओळखला, आणि या पद्धतीची ही मर्यादा प्रबंधात स्वतंत्र परिच्छेदात लिहिली. परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्याच परिच्छेदावर विचारले.

प्रबंध मंजूर झाला आहे. मेंदूच्या एकूण बारा अर्धगोलांपैकी, म्हणजे अर्ध्या भागांपैकी, एक मात्र मी मुद्दाम क्लॉस्ट्रमपर्यंतच उघडून ठेवला. तो पापुद्रा नेमके काय करतो यावर अजून एकमत नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक, अखेरच्या दिवसांत त्यावरच लिहीत होते आणि मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांच्यासोबतचा तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर, 2005 मध्ये छापला गेला. बरणीवर मी देहदानाची तारीख आणि मुरवण्याचे महिने लिहिले आहेत, आणि फॉर्मॅलिन बदलण्याचे काम मामांकडे सोपवले आहे.