बेजार, तरी साडेपाचला रस्त्यावर

आमच्या घरात चार माग आहेत. बेळगावच्या वडगावात त्याचं कुणाला अप्रूप नाही, गल्लीत पहाटेपासून खटखट सुरूच असते. त्या आवाजात मी तीन वर्षं उभा होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, राग नाही. साडी उतरली की घडी घालायची, हाक आली की जेवायचं. बायको म्हणायची, "बोला की वो काहीतरी." बोलण्यासारखं काही सापडायचंच नाही.

शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते कन्नड. पहिलाच प्रश्न, "बेजार आगतैतेन्री?" आमचा बेजार म्हणजे त्रासलेला, त्यांचा म्हणजे कशात मन न लागणारा. मला दोन्ही लागू. "हौद्री," म्हणजे हो जी, म्हटलं. मग नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, २७ पैकी १७ आले. आकडा जितका मोठा, तितकं दुखणं मोठं. दोन वर्षांहून जास्त टिकलेलं, म्हणजे चिवट नैराश्य, असं त्यांनी सांगितलं. गोळी सुरू झाली. झोप आली, भूकही आली, पण कागद १३ वर येऊन अडकला. डोस वाढवला, तरी तिथंच.

तेव्हा ते म्हणाले, गोळी चालू ठेवा आणि जोडीला चाला.

मला हसूच आलं. दहा तास मागावर उभा असतो, अजून कसला व्यायाम? ते म्हणाले, कामाची दमणूक वेगळी. मनाला जो फायदा दिसतो तो स्वतःच्या वेळात केलेल्या व्यायामाचा, कामातल्या राबण्याचा तसा दिसत नाही. मग टेक्सासच्या डॉ. मधुकर त्रिवेदींच्या गटाचा २०११ चा अभ्यास सांगितला. गोळीनं पूर्ण उतार न पडलेली १२६ माणसं, गोळी तीच ठेवून १२ आठवडे व्यायाम. काहींना कमी, काहींना जास्त. दोन्हीकडे सुधारणा झाली. जास्त व्यायामवाल्यांत पूर्ण बरे झाले ते साधारण २८ टक्के. मी धंदेवाला माणूस, लगेच विचारलं, "आणि उरलेले ७२?" डॉक्टर म्हणाले, "त्यांनाही चालून तोटा झाला नाही." हे उत्तर मला पटलं. शंभर टक्के म्हणाले असते तर मी परत गेलोच नसतो.

चिठ्ठीवर गोळीच्या खालीच लिहून दिलं: चालणे, ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

पहिले चार दिवस गेलोच नाही. वाटेल तेव्हा जाऊ, असं म्हणत होतो. या दुखण्यात वाटणंच तर बंद पडलेलं असतं! शेवटी मेहुण्याला सांगितलं, साडेपाचला कोपऱ्यावर उभा राहा. तो थंडीत ताटकळेल या लाजेनं मी उठायचो, माझ्यासाठी नव्हे. चालायचे कपडे घालूनच झोपायचो. पहिल्या आठवड्यात वस्ती संपेपर्यंत जाऊन परत, अकरा मिनिटं. पुढे येळ्ळूर रोडनं लांबवत नेलं. दोन्ही बाजूला शिवार, समोर राजहंसगड. तीन आठवडे काही म्हणजे काही फरक नाही, पाय तेवढे दुखले.

पाचव्या आठवड्यात गडावर ढग टेकले होते. मी म्हटलं, "बघ रे, कसं दिसतंय." मेहुणा थांबला, पण गडाकडे नाही, माझ्याकडेच बघत राहिला.

आणि मग मी शहाणपणा केला. मंगाई देवीच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलं होतं, मी चक्क हसत होतो. चालण्यानंच बरं झालो, गोळी कशाला, म्हणून परस्पर बंद केली. चार दिवसांत चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं आणि वर ते जुनं काळंकुट्ट. एका रात्री बायकोनंच १४४१६ ला फोन लावला, मनाच्या त्रासासाठी सरकारची फुकट लाईन आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी झापलं: चालणं गोळीच्या जोडीला दिलंय, बदली नव्हे. सोडायची तर माझ्या देखत, हळूहळू.

पाऊसही असा लागला होता की रस्ता दिसेना. मग मागाच्या पत्र्याखाली इकडून तिकडे चालायचो, बावीस पावलं आणि वळण. कामगार बघून बघून कंटाळले.

परवा कागदावर ७ आले. गोळी चालू आहे, कमी करायची का ते डॉक्टर पुढच्या महिन्यात बघणार. बुटांचा तळ मात्र गेला. शहापुरात नवे घेतले, बाराशेला. भाव केला नाही म्हणून बायको चिडली, आणि बऱ्याच दिवसांनी आमचं चांगलं भांडण झालं.